सात नंबरचा आवाज

लाइन गेली की सारं बाभुळगाव बोटं मोडायचं, एक माणूस सोडून. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. सहा मशीन, एक प्रिंटर आणि दिवसातून दोनदा, कधी तीनदा होणारं लोडशेडिंग. पंखा घरघरत थांबला की पोरं आरडाओरडा करत बाहेर पळायची, मी कपाळाला हात लावायची, आणि पाचेक मिनिटांत दारात देवराव फिटर उभे राहायचे. काखेत रुमालात गुंडाळलेला जुना लॅपटॉप, हातात तारांची पिशवी, चेहऱ्यावर लग्नाला आल्यासारखा आनंद.

"जय भीम, मॅडम. गेली नं लाइन? झकास झालं. आता ऐकू येईन."

माझा धंदा बसायचा तेव्हा यांचा उठायचा. सुरुवातीला मला या माणसाचा रागच यायचा, हे आधीच सांगून टाकते. नंतर जे वाटलं ते रागापेक्षा वाईट होतं, पण ते ओघानं येईलच.

देवराव हे गावाबाहेरच्या जिनिंगचे फिटर होते. होते म्हणजे, जिनिंग बंद पडेपर्यंत. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या चोवीस मशिनी तिथे रांगेनं उभ्या होत्या आणि त्या सगळ्या एकट्या देवरावांच्या कानावर चालायच्या. शिक्षण सातवीपर्यंत. उंच, काटकुळा बांधा, खाकी शर्ट, एका खिशात खडूचा तुकडा आणि दुसऱ्यातून वर डोकावणारा लांबलचक पेचकस. जिनिंगला कुलूप लागून चार वर्षं झाली तरी दोन्ही वस्तू खिशातच. त्यांच्या घरच्या शांताबाई म्हणायच्या, "दुसऱ्याइच्या नवऱ्याच्या खिशात तंबाखू निघते, आमच्या यायच्या खिशात खडू."

त्या खडूला एके काळी मालकाच्या सहीपेक्षा जास्त मान होता. रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी देवराव सगळ्या मशिनी रिकाम्या चालवायचे. पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मशीन बरी असली तर तिच्या पत्र्यावर खडूनं एक उभी रेघ ओढायची. ती रेघ दिसल्याशिवाय कोणतीही रेजा, म्हणजे जिनात काम करणारी बाई, मशिनीत कापूस घालायची नाही. मुनीम ओरडला तरी नाही, मालक येऊन उभा राहिला तरी नाही. 'फिटरची खूण' म्हणायचे तिला. कुठल्या कागदावर हा नियम नव्हता, पण सगळ्या जिनात तोच काय तो पाळला जायचा.

माझ्याकडे ते पहिल्यांदा आले तेव्हा वर्ग भरलेला होता. काही न बोलता पहिल्या कॉम्प्युटरजवळ गेले, डब्यावर पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. पोरं तोंडात रुमाल कोंबून हसायला लागली. मी म्हटलं, "काका, काय चाललंय हे?" तर त्यांनी बोट वर करून मलाच गप्प केलं. सहाही ऐकून झाल्यावर पाचांवर खडूची रेघ ओढली आणि चौथ्याकडे पाहून म्हणाले, "याचा पंखा आठ दिवसांचा सोबती आहे." मी त्यांच्यासमोरच ओलं फडकं घेऊन पाचही रेघा पुसल्या. क्लास माझा, मशीन माझी, हे कोण टिकोजीराव? सहाव्या दिवशी चौथ्या मशीनचा पंखा बसला. त्यानंतर मी रेघा पुसायचं सोडून दिलं.

त्यांचं काम वरवर पाहता साधं होतं. पुतण्यानं पुण्याहून आणून दिलेला जुना लॅपटॉप, एक टेपरेकॉर्डर आणि दोन्हींच्या मधे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा एक डबा. कॅसेटचा आवाज तो डबा कॉम्प्युटरला कळेल असा करतो आणि यूएसबीच्या तारेनं आत पाठवतो; भरलेला आवाज ऐकायचा हेडफोनही त्यालाच लागतो. कॅसेट कॉम्प्युटरमध्ये भरायची, बस. मी म्हटलं, अर्ध्या तासाचं काम आहे.

"भरता तं मलेही येते," ते म्हणाले. "पण हा कॉम्प्युटर मधात बोलते."

मी हेडफोन कानाला लावला. जुन्या भीमगीतांची कॅसेट होती. गाणं येत होतं, मागे फितीची नेहमीची सळसळ होती, आणि तिच्याही मागे खरोखरच काहीतरी होतं. एक बारीक कुईं. माउस हलवला की ती चिरकायची. मधूनच टिक्, टिक्, टिक्. मी इतकी वर्षं कॉम्प्युटरवर गाणी ऐकत आले, मला हे कधी जाणवलं नव्हतं. एकदा जाणवल्यावर मात्र ते कानातून जाईना.

मी शोधाशोध केली. कारण घरच्या नळासारखं निघालं. एकाच पाइपावर साऱ्या गल्लीचे नळ असले की शेजारणीनं मोटर लावल्याबरोबर आपली धार थरथरते. यूएसबीच्या तारेतून नुसता आवाज जात नाही, त्या डब्याला लागणारी वीजही कॉम्प्युटर तिच्यातूनच पुरवतो. त्याच विजेवर त्याची डिस्क फिरते, माउस चालतो, पंखा चालतो. आत कोणी हललं की वीज थरथरते आणि ती थरथर आवाजात उतरते. चार्जर लावलेला असला तर भिंतीतल्या लाइनची घूंघूं वेगळीच. म्हणून देवरावांना लोडशेडिंग हवं असायचं. साऱ्या गल्लीची वीज गेली की अर्धा गोंगाट आपोआप मरायचा. उरलेल्या अर्ध्याशी आमचं भांडण होतं.

त्यांची पद्धत जिनातलीच होती. "रांगेत कुठं आवाज आला का काय करा लागते? समद्या बंद करा लागते. मंग एकेक सुरू करत जाचं." एका रविवारी त्यांनी माझ्या क्लासमध्ये हाच प्रयोग केला. लाइन होती, तरी सगळं बंद. मग एकेक बटण. ट्यूबलाइट लावली, कुईं वाढली. पंखा लावला, टिकटिक वाढली. शेवटी त्यांची नजर माझ्या मोबाइलवर गेली. फोन यायच्या क्षणभर आधी हेडफोनमध्ये टर्रर्र असा आवाज यायचा, तो त्यांनी हेरला होता. मोबाइल उचलला आणि मागच्या खोलीत पाण्याच्या रिकाम्या माठात नेऊन ठेवला. त्या दुपारी आईचे पाच फोन माठात वाजून गेले. माझ्यासाठी बघितलेलं एक स्थळ घरी येऊन बसलं होतं आणि मुलगी कुठे आहे याचा पत्ता नव्हता. ते स्थळ गेलं ते गेलंच. देवरावांना सांगितलं तर म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. आवाज तं कमी झाला नं?"

ती वर्षं आमच्या जिल्ह्याची कोणाला हेवा वाटावा अशी नव्हती. पेपर उघडला की कापूस, आणि कापसाच्या खाली आमच्याच एखाद्या गावातली आत्महत्या. दिल्ली-मुंबईची माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून यायची आणि फोटो पाठवायला माझ्याच क्लासमध्ये बसायची. पाठवताना स्क्रीनवर ज्या बायांचे चेहरे हळूहळू उघडायचे, त्यांतल्या काही माझ्या ओळखीच्या असायच्या. मी तोंड फिरवून घ्यायची. देवराव कोपऱ्यात तारा सोलत बसलेले असायचे. एकदा एका पाहुण्यानं त्यांना विचारलं, तुमची किती एकर? ते म्हणाले, "माही नाही. माह्या चोवीस मशिनी होत्या." त्या माणसानं मान डोलावली आणि वही मिटली. तो गेल्यावर देवराव म्हणाले, "हे वावरापर्यंत येतात अन् वापस जातात. कापूस पुढं कुठं जाते, कोणाच्या हातातून जाते, ते कोणी इचारत नाही. जिनं बंद पडले, त्या बाया कुठं गेल्या?"

मला तेव्हा वाटलं, ते सर्वच बायांबद्दल बोलताहेत.

दोन महिने झाले. प्रत्येक वेळी ते त्याच भीमगीतांच्या कॅसेटवर प्रयोग करायचे. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोरा बांधलेली आणखी एक कॅसेट असायची, ती मात्र कधी बाहेर येत नव्हती. एका दुपारी माझा संयम सुटला. "काका, ती एकदाची लावा आणि भरून टाका. एवढीशी कुईं राहिली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"ती एकदाच वाजवाची आहे," ते म्हणाले. "एकवीस वर्षांची फीत आहे. दुसऱ्या खेपेले टिकन का नाही, भरोसा नाही."

"कोणाचं गाणं आहे?"

"सुमनचं." मग बराच वेळ ते हातातली तार सरळ करत राहिले. "पण मले गाणं नाही ऐकाचं. गाण्याच्या मांगची मशीन ऐकाची आहे."

मग त्यांनी सांगितलं. सुमन बोरी अरबची. हंगामात बाभुळगावला मावशीकडे येऊन राहायची आणि जिनात सात नंबरवर कापूस घालायची. गायची. मशिनींच्या गदारोळातही तिचा आवाज शेवटच्या मशिनीपर्यंत पोचायचा. देवरावांनी तेव्हा नवीन टेपरेकॉर्डर घेतला होता. एका सकाळी तो जिनात आणला, सात नंबरच्या ओट्यावर ठेवला आणि बटण दाबलं. मशीन रिकामी चालू होती, सुमन खुणेची वाट पाहत उभी राहून गात होती, आणि देवरावांनी पेचकस बेअरिंगला लावून डोळे मिटले होते. गाणं संपलं. त्यांनी खडूची रेघ ओढली. जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी सात नंबरमध्ये कापूस अडकला. सुमननं तो हातानं आत लोटला, मशिनीनं झटका दिला आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशी झाली. मालकाच्या माणसांनी फिटरला विचारलं, मशीन ठीक होती का? "मी म्हटलं, माही खूण होती." एवढंच बोलले होते देवराव. कागदावर लिहिलं गेलं की बाईचे लक्ष गाण्यात होते. सुमन बोरीला परत गेली ती पुन्हा जिनात आली नाही, आणि त्यानंतर ती कधी गायली नाही असं तिच्या मावशीनं त्यांना सांगितलं होतं.

"खरं सांगू का पोरी?" ते म्हणाले. एरवी मी मॅडम होते. "पेचकस माह्या कानाले होता. पण त्या सकाळी मी मशीन ऐकली का गाणं ऐकलं, हे मले आजवर सांगता नाही येत."

"पण काका, एकवीस वर्षं गप्प बसलात. मग आताच काय?"

"सात नंबर भंगारात गेली." जिनिंगची मशिनरी विकली गेली होती, हे मला ठाऊक होतं. ट्रक भरताना देवराव तिथे गेले होते. सात नंबरचं चाक हातानं फिरवून पाहिलं, गंजानं जाम झालं होतं. तरी पेचकस लावून ऐकलं. हमाल हसले. "मेलेल्या मशिनीले काय इचारता? आता तिचा आवाज फक्त याच्यात आहे." त्यांनी प्लास्टिकवरून बोट फिरवलं. "टिकटिक कॉम्प्युटरची का मशिनीची, हे समजाले पाह्यजे नं. दुसऱ्याचा टिक् ऐकून मी सोताले गुन्हेगार नाही ठरवू शकत. अन् दुसऱ्याच्या टिकच्या मांगं लपूही नाही शकत."

मला भीती वाटली. त्या दिवसापासून मी मनातून प्रार्थना करायला लागले की ती कुईं जाऊच नये, टिकटिक राहू दे, या माणसाला काही एक ऐकू न येवो. उपाय मला त्याच आठवड्यात सापडला होता. मी तो सांगितला नाही. लाइन जायची, ते यायचे, आम्ही तारा इकडच्या तिकडे करायचो आणि मी म्हणायची, बघू या, वाचते आहे. चौथ्या खेपेला त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "तुमाले उपाय माहीत आहे. सांगून नाही राह्यल्या तुमी. तुमचा आवाज दोन दिवसांपासून सैल वाजते."

यानंतर लपवायला काय उरलं? सांगितला. यूएसबीच्या तारेच्या पोटात चार तारा असतात. पांढऱ्या-हिरव्यातून आवाज जातो, लाल-काळीतून वीज. लाल तोडायची, म्हणजे कॉम्प्युटरची थरथरती वीज डब्याकडे जाणार नाही, आणि डब्याला बाहेरून स्वच्छ वीज द्यायची. दुसऱ्या दिवशी देवराव आले ते लाल आणि काळी दोन्ही तोडून. लॅपटॉप डब्याला ओळखच दाखवीना. "काळी नाही तोडायची, काका. काळी दोघांना मिळून एकच लागते." ते ओशाळले. काळी जोडली. मग लालला मोबाइलचा चार्जर लावून पाहिला, तर आवाज पहिल्यापेक्षा वाईट, जणू आत भाजी फोडणीला टाकलीय. शेवटी मोटरसायकलची बॅटरी आणली. तिची जास्तीची वीज कमी करून सरळ पाच व्होल्ट देणारा तीन पायांचा एक बारका पार्ट जुन्या रेडिओवाल्याकडून मिळवला. सगळं स्वतः झाळलं. तारेवर फुटक्या मॉनिटरच्या वायरीतला, गोंगाट अडवणारा काळा मणी चढवला. टेपरेकॉर्डर सेलवर. लॅपटॉप चार्जरविना. माउस काढून ठेवला.

लाइन जायची वाट पाहिली. गेली. भीमगीतांची कॅसेट लावली, हेडफोन मला दिला. गायकाचा श्वास ऐकू आला. श्वास आणि फितीची सळसळ, बाकी काही नाही. मी हेडफोन काढून देवरावांकडे पाहिलं. ते पिशवीतल्या कॅसेटचा दोरा सोडत होते.

ती कॅसेट भरताना त्यांनी ऐकली नाही. मलाही ऐकू दिली नाही. हेडफोन उलटा ठेवून दोघंही स्क्रीनवर वरखाली होणाऱ्या हिरव्या रेघेकडे पाहत बसलो. फीत तुटली नाही. भरून झाल्यावर लॅपटॉप रुमालात गुंडाळून ते घरी गेले. जाताना जय भीम म्हणायचंही विसरले.

तीन दिवस लाइन जात राहिली आणि देवराव आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, तेव्हा लाइन होती. पंखे चालू, ट्यूब चालू, वर्ग भरलेला. लाइन असताना ते सहसा येत नसत. त्यांना पाहिल्याबरोबर मी पोरांना सुट्टी देऊन टाकली.

"ऐका," ते म्हणाले.

मी ऐकलं. आधी सुमनच. रुंद, उघडा, जराही न लाजणारा आवाज. 'पांढऱ्या रानात उजेड सांडला, कोण्या गं बाईनं पदर मांडला.' मागे मशिनीची एकसुरी घरघर. मला दुसरं काही ऐकू आलं नाही आणि मी मनापासून तसं सांगितलं. देवरावांनी तोच तुकडा अर्ध्या वेगानं लावला. गाणं जाडंभरडं, पुरुषासारखं झालं आणि घरघरीच्या पोटातून ते बाहेर आलं. टक्. मग थोडं थांबून, टक्. एकदाही न चुकता. पुन्हा नेहमीच्या वेगानं लावलं. आता मला टक् तेवढा ऐकू येत होता, गाणं कुठल्या कुठे गेलं होतं.

"बेअरिंग सैल होतं," ते म्हणाले. "नव्या पोट्ट्यालेही ऐकू आलं असतं. मले काहून नाही आलं?"

मी पाणी दिलं. त्यांनी ते हातात धरून ठेवलं.

"बोरीले चालान का माह्यासंग? कॉम्प्युटर चालवाले."

लॅपटॉप त्यांना माझ्याइतकाच चालवता यायचा. त्यांना सोबत हवी होती. मी म्हटलं, "काका, कशाला उकरता? तिचं वय झालं, तुमचं झालं. मालक वरती गेला, मशीन भंगारात गेली. कोणाला काय मिळणार आहे?" मी बरंच बोलले. रागानंही बोलले असेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तिले अजून वाटते का गाण्यानं बोटं गेले."

गेलो. यवतमाळला एसटी बदलून बोरी अरब. पुढच्याच आठवड्यात मी क्लास आवरून अमरावतीला नोकरीवर जाणार होते, त्यामुळे माझंही मन थाऱ्यावर नव्हतं. बॅटरी देवरावांनी सगळा वेळ मांडीवर धरली होती. तरी रस्त्यानं आपलं काम केलंच. पोचल्यावर पिशवी उघडली तर लाल तारेचं झाळण निखळलं होतं.

सुमनबाई आपल्या पुतण्याच्या घराच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. डाव्या हातानं शेंग धरायची आणि उजव्याच्या अंगठा-करंगळीनं दाणे काढायचे, इतकं भराभर की आधी माझ्या लक्षातच आलं नाही. देवरावांना पाहून त्यांनी सूप बाजूला सरकवलं.

"देवरावभाऊ? बाप्पा! किती वाळले तुमी." आत पाहून चहा टाकायला सांगितला. मी कोण, तेही विचारलं.

देवरावांनी प्रस्तावना केली नाही. खाटेवर लॅपटॉप मांडला. मी म्हटलं, डबा राहू द्या, हेडफोन सरळ लॅपटॉपलाच लावू. ते माझ्यावर पहिल्यांदाच कडाडले. "त्याच्यात टिकटिक येते. तिले खोटा टिक् नाही ऐकू आला पाह्यजे." लाल तारेचं उघडं टोक त्यांनी अंगठ्यानं जागेवर दाबून धरलं. डब्यातला दिवा लागला. मी हेडफोन सुमनबाईंच्या कानाला लावला आणि अर्ध्या वेगानं तो तुकडा सुरू केला.

"गाण्याकडे ध्यान नको देऊ सुमन," देवराव म्हणाले. "मांगं ऐक. टक् येते. ते सात नंबरचं बेअरिंग आहे. त्या दिवशीचंच आहे. मशीन खराब होती. तुही काही चूक नव्हती. गाण्याची नव्हती. माही होती. मी चौकशीत खोटं नाही बोललो, पण खरंही नाही बोललो." एकवीस वर्षं पाठ करून ठेवल्यासारखं ते एका दमात बोलून गेले.

सुमनबाईंनी हेडफोन एका कानावरून सरकवला.

"मले समजलं होतं," त्या म्हणाल्या. "सकाळीच. हाताले धक्का लागून राह्यला होता. मी म्हटलं, सांगाव का देवरावभाऊले? मंग पाह्यलं तं तुमची खूण होती. म्हटलं, फिटरची खूण आहे, माह्याच हाताचं काही असन." त्यांचा आवाज चढला नाही. "मंग सारेच म्हणाले, गाण्यानं झालं. मीही तेच धरून बसली. माह्या हातापेक्षा मी तुमच्या खडूवर भरोसा केला, भाऊ."

चहा आला होता, कोणी घेतला नाही. देवरावांनी मोकळ्या हातानं खिशातला खडू काढला आणि खाटेच्या कडेवर ठेवला. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा असूनही ते पुसत नव्हते. मलाही रडू आवरेना. मला वाटलं, याच्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग सुमनबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, हे असं रेड्यावानी काहून येते? माहा आवाज असा नव्हता."

मी वेग नेहमीचा केला. हेडफोन पुन्हा त्यांच्या दोन्ही कानांवर बसवला. पहिली ओळ सुरू झाली असावी, कारण त्यांनी एकदम मान वर केली. उजवा पंजा हेडफोनवर दाबून धरला, अंगठ्यानं आणि करंगळीनं. गाणं संपलं तशा म्हणाल्या, "लावा पुन्हा." पुन्हा लावलं. संपलं. "आणखीन एकदा." तिसऱ्या वेळी त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज फुटला नाही, नुसते ओठ.

मला यवतमाळची शेवटची गाडी गाठायची होती. देवराव म्हणाले, तुमी जा, मी राहतो मावसभावाकडं. कुठली कळ दाबायची ते त्यांना माहीतच होतं. मी निघाले. फाटकाशी आल्यावर मागे पाहिलं. सुमनबाई खाटेवर डोळे मिटून बसल्या होत्या. समोर जमिनीवर उकिडवे बसलेले देवराव डाव्या हातानं पुन्हा गाणं सुरू करत होते, आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं ती लाल तार त्यांनी तशीच दाबून धरली होती.